कुशाबाला काहीच ठाऊक नव्हतं

मुळशीतल्या ताम्हिणीच्या जंगलात कुशाबा कातकऱ्याने जंगलाचा अभ्यास करायला आलेल्या ऋषिकेश सरांना दोन वर्षं हिंडवलं. आग्या मोहोळ कुठल्या कड्यावर लागतं, कुठला कंद उकडून खायचा, कुठली साल तापावर चालते, सगळं दाखवलं.

२००४ साली सरांचं पुस्तक आलं. कुशाबाच्या लेकीने, गौतमीने, ते बापाला वाचून दाखवलं. त्यात सगळे शोध सरांच्या नावावर होते. कुशाबा एकाच ओळीत होता, 'सामान वाहणारा मजूर' म्हणून.

त्या दिवसापासून कुशाबाने सरांवर दात धरला.

पुढच्या वर्षी सरकारने ताम्हिणीत पर्यटन केंद्र काढायचं ठरवलं. ते सरांच्या संस्थेला द्यायचं की कातकरवाडीला, हे जंगलाची खरी माहिती कुणाला आहे ते पाहून ठरवायला हेमलताबाई नावाच्या अधिकारी आल्या. वाट दाखवायला सरांनी कुशाबालाच बोलावलं.

बाईंनी कुशाबाला पहिल्याच झाडाचं नाव विचारलं.

"न्हाई ठाऊक," कुशाबा म्हणाला.

कंदाचं विचारलं, मोहोळाचं विचारलं. दर वेळी तेच उत्तर. शेवटी बाई सरांकडे वळल्या.

"जन्मापासून इथे राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नाही. मग तुमच्या पुस्तकातलं खरं कशावरून मानायचं?"

सरांचा तोल गेला. "खोटं बोलतोय तो, मॅडम! पुस्तकातली एकूण एक गोष्ट मला यानेच सांगितलीय!"

 

"बाई," कुशाबा हात जोडून म्हणाला, "सर आत्ता काय बोललं, तेवढं लिवून घ्या."