पान न् पान

“हे खाता येतं का?” टोपीवाल्या काकांनी विचारलं.

सकाळपासून काका प्रत्येक झाडापाशी हाच प्रश्न विचारत होते. कोवळी पालवी दिसली की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सगळे हसले. फिरायला आलेल्यांना झाडंपानं ओळखायला शिकवणाऱ्या बाईही हसल्या. मंडळी त्यांना त्यांच्या माघारी पानवाल्या बाई म्हणत.

“हे येतं,” त्या म्हणाल्या. “रानलसूण. आता ओढ्यापर्यंत हाच आहे. तोडा, चुरगळा, हुंगा.”

सगळ्यांच्या मागे उभी असलेली शिंपीण हसली नाही. ती याच पानासाठी आली होती.

मागच्या वर्षी, याच पालवीच्या दिवसांत, तिच्या भावानं रानलसूण म्हणून पिशवीभर पाला आणला. स्वतः निवडला, स्वतः शिजवला. वडिलांनी आवडीनं खाल्ला, मागून घेऊन खाल्ला. भाऊ ओकून ओकून वाचला, वडील वाचले नाहीत. “मी पान न् पान हुंगून घेतलं होतं,” असं तो डॉक्टरांना सांगत राहिला, पोलिसांना सांगत राहिला, भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिला. पुढे त्यानं सांगणं सोडून दिलं, कारण कोणाचा विश्वासच बसेना. हा जन्माचा धांदरट. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून शाळेत जाणारा. हा कशाला बसतोय पान न् पान हुंगत? तेव्हापासून घरात त्याच्या हातचं कोणी पाणीसुद्धा घेत नव्हतं. आई नाही, आणि बहीण तर नाहीच.

तिचं रडून झालं होतं, भांडून झालं होतं. आता आत काहीच हलत नव्हतं. जेवण, शिलाई, झोप, सगळं हाताला सवय होती म्हणून चाललं होतं. तिला एकदाच बघायचं होतं, की खरोखर हुंगून घेणारा माणूस चुकू शकतो का. नसेल चुकू शकत, तर भाऊ खोटं बोलला. मग आईला घेऊन वेगळं राहायचं. खोली तिनं बघूनही ठेवली होती.

तिनं पान तोडलं, चुरगळलं. लसणाचा वास घमघमला. शेजारी काका चघळायलाही लागले होते.

“याच्यासारखं दिसणारं दुसरं असतं ना?” तिनं विचारलं.

“असतं तर. हे काय, शेजारीच.” बाई चार पावलं बाजूला झाल्या. “याला आम्ही जोडपान म्हणतो. एका देठाला दोन पानं. लसणाचं प्रत्येक पान जमिनीतून एकेकटं येतं. पण तोडून पिशवीत टाकलं की कसलं काय, दोन्ही सख्ख्या भावंडांसारखी. हे विषारी आहे. हात लावलात तर नंतर धुवा, तोंडात मात्र घालू नका. काका, तुम्हालाच सांगतेय.”

पुन्हा सगळे हसले.

“पण वासावरून कळेलच की,” शिंपीण म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. “याला लसणाचा वास नसणार.”

“नसतोच. बघा हुंगून.”

तिनं जोडपान चुरगळून नाकाशी नेलं. लसूण. ते टाकून दुसरं घेतलं. लसूणच.

“येतोय,” ती म्हणाली.

“पानाला नाही, तुमच्या बोटांना येतोय. एकदा खरा लसूण तोडला, की पुढचं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं.” बाई पुढे चालू लागल्या. “चुकतात ते बहुतेक हुंगणारेच. बाकीचे भीतीनं हातच लावत नाहीत.”

मंडळी पुढच्या झाडाकडे गेली. ती तिथंच उभी राहिली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. तिनं वाकून जोडपानाचा एक देठ खुडला, मुठीत धरला आणि रस्त्याकडे उतरली.

खाली भाऊ गाडीत बसला होता. तो धुलाईच्या दुकानाची गाडी चालवायचा, आणि बहीण म्हणाली म्हणून तिला इथवर घेऊन आला होता. कशाला जायचंय, हे त्यानं विचारलं नव्हतं. काच बंद होती. तिनं टकटक केलं. काच खाली आली तशी तिनं रिकामा हात आत घातला.

“हुंग.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“हुंग ना, दादा.”

त्यानं हुंगलं. “लसूण.”

तिनं दुसऱ्या हाताची मूठ उघडली. एका देठाची दोन पानं बघून तो मागे सरकला, पाठ सीटला टेकेपर्यंत.

“असलंच पान आत्ता चुरगळलं होतं मी,” ती म्हणाली. “तरी मला लसणाचाच वास आला.”

त्यानं पानांकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे.

“मी हुंगलं होतं गं,” तो म्हणाला.

“हो.”

तिनं देठ गटारात टाकला. “हात धुवायला सांगितलंय.”

तो खाली उतरला. धुलाईची गाडी, साबणाला काही तोटा नव्हता. त्यानं वडी दिली, आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. तिनं कोपरापर्यंत खसाखसा चोळलं. फेस गेला, वास तेवढा राहिला. आईनं भरून दिलेली बाटली तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

ओंजळ तिनं तशीच पुढे धरली.

“ओत.”

“निघालं की सगळं,” तो म्हणाला. “आता कशाला?”

“प्यायला.”