संथ भाग

मध्यंतर झालं तेव्हा वेर्लेची बोटं गारठली होती. बेल्जियममधल्या गेंटच्या त्या चर्चमागच्या खोलीत हीटर नावालाच होता. पूर्वार्धात तिने वाद्यवृंदाच्या साथीने तीनशे वर्षांपूर्वीचे दोन व्हायोलिन कंचेर्तो, जलद-संथ-जलद अशा तीन भागांच्या रचना, वाजवले होते. आता त्यांतलाच एक पुन्हा वाजायचा होता, पण आजच्या काळासाठी नव्याने रचलेला. रचणारा होता वानेस, एके काळचा तिचा नवरा.

तो दार न ठोठावताच आत आला.

"छान वाजवलंस."

"मधल्या संथ भागात ती चाल कुठून आणलीस?"

वानेस मफलरशी चाळा करत राहिला.

"तालमीला फिरकलाही नाहीस. आठवडाभर मी सगळ्यांसमोर ती वाजवतेय. माझी आहे ती, वानेस. पोटावर हात ठेवून मी तिच्यासाठी गुणगुणायचे."

"माहीत आहे. स्वयंपाकघरात ऐकू यायचं."

"विचारायचंस तरी."

"नाही म्हणाली असतीस." तो खुर्चीत बसला. "ती माझीही मुलगी होती गं. तू तिला निदान पोटात वाढवलंस. माझ्याकडे काय आहे? भिंतीपलीकडून ऐकलं तेवढंच."

सातव्या महिन्यात पोटातच गेलेल्या त्या मुलीबद्दल दोघं पहिल्यांदाच बोलत होती. वेर्ले काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात कुणीतरी दारातून सांगितलं, "चला, लोक बसले."

संथ भागात बाकीच्या वाद्यांचा आवाज खाली उतरला आणि ती चाल आली. वेर्लेने ती वाजवली नाही, गुणगुणली म्हणावं इतक्या हळू काढली. चर्चमधलं खोकणंही थांबलं. शेवटच्या दोन ओळी राहिल्या असताना तिने तारांवरून गज उचलला. खर्जातले चेलो एकटेच पुढे वाजत राहिले. वाद्यवृंदाच्या संचालकाने चमकून पाहिलं, पण हात थांबवला नाही.

शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात वानेसला वर बोलावलं गेलं. रीतीप्रमाणे दोघं हातात हात घेऊन वाकली.

"शेवट सोडलास," तो वाकल्या वाकल्या पुटपुटला.

"तो तू लिहिलास. मी तिथवर कधी पोचलेच नव्हते."

टाळ्या थांबेनात. दोघं पुन्हा वाकली. वेर्ले सरळ झाली. वानेस झालाच नाही. त्याचा हात धरून ती तशीच, लोकांकडे बघत उभी राहिली.