हिमांशुचा फोन

“तो व्हिडिओ काढून टाका मॅडम,” फोनवरचा मुलगा म्हणाला. “मी हरवलो नाही. मी निघून आलो.”

आचल कॉलेजच्या पायरीवर बसली होती. गोंदियात पत्रकारितेचं दुसरं वर्ष, आणि दुपारनंतर भुपेंद्रच्या यूट्यूब चॅनलवर शिकाऊ बातमीदार. मुलगा हरवलेल्या दवनीवाड्याच्या कुंदाबाईंचा व्हिडिओ तिनंच केला होता. ‘हिमांशु, येऊन जा रे बाबा, तुहा बाप काई म्हननार नाई.’ तिच्या नावानिशी गेलेली ही पहिलीच बातमी, आणि बघता बघता ती जिल्ह्याबाहेर पोचली होती.

“तुम्ही हिमांशुच कशावरून?” तिनं विचारलं. व्हिडिओखाली तिचा नंबर होता, आणि असे फोन रोज येत होते. कोणी त्याला सुरतेत पाहिलं म्हणे, कोणी शिर्डीत.

“माय रडता रडता घडीघडी मांगं पाहून राहिली. लोकायले वाटते, तोंड लपवून राहिली. तिनं चुलीवर भात ठेवला असन. करपला असन तो.”

भात करपलाच होता. कॅमेरा बंद झाल्यावर कुंदाबाई आत धावल्या होत्या आणि वास अंगणभर झाला होता. व्हिडिओत वास येत नाही.

“इथं कामावरच्या मेसमंदी पोरं जेवताना पाहतात तिले,” तो म्हणाला. “मांगून गानं वाजते. ती माझी माय हाये, हे त्यायले मालूम नाई. मीबी पाहतो त्यायच्यासंगं.”

गाणं भुपेंद्रनं टाकलं होतं. आचलला ते खटकलं होतं, पण ती बोलली नव्हती.

“एकदा आईशी बोला ना.”

“येईन मी. पन माझ्या मनानं येईन. मी कुठी हावो, हा लंबर, काईच तिले नोका देऊ.” मग एकदम हळू, “माय जेवते ना बरोबर?”

आचल काही बोलायच्या आत फोन कटला.

भुपेंद्रचं ऑफिस म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची खोली. व्हिडिओ काढून टाकायचा तर त्याला कारण सांगणं भाग होतं. तिनं सांगितलं, तसा तो खुर्चीतून उठलाच.

“तेरे फोन में तो सब कॉल रेकॉर्ड होते हैं ना? दे इकडे. आत्ता लावू. माँ की पुकार, बेटे का जवाब!”

“तो नको म्हणतो.”

“अरे, लोक रोज विचारून राहिले, मुलगा भेटला का म्हणून. पब्लिक को जानने का हक है, आचल.”

“पब्लिकचा मुलगा नाही तो.”

तिनं त्याच्यासमोरच रेकॉर्डिंग पुसलं. मग चॅनल उघडून व्हिडिओही काढून टाकला.

“पागल है क्या?” भुपेंद्र ओरडला. “उद्यापासून येऊ नको!”

जिना उतरताना तिला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. वर्गात शिकवतात ते आज आपण केलं, असं तिच्या मनात आलं. तशीच ती दवनीवाड्याच्या बसमध्ये चढली.

धान चुरण्याचे, मळणीचे दिवस होते. घरचे सगळे खळ्यावर, आणि कुंदाबाई एकट्याच अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या.

“बरे आहेत ते, मावशी. फोन आला होता. कामाला आहेत कुठंतरी.”

सूप खाली टेकलं. “कुठी?”

“ते नाही सांगितलं. नंबरही देऊ नका म्हणाले.” मग त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून ती घाईनं म्हणाली, “मी लावते पुन्हा. विचारते त्यांना.”

“नोको!” कुंदाबाईंनी तिचं मनगट धरलं. “लंबर बदलवन तो. मंग तुलेबी नाई भेटन.”

मनगट त्यांनी सोडलं नाही.

“त्याचा आवाज असन ना तुह्या फोनमंदी? तेवढा आयकव. बाकी काईच नाई मांगत मी.”

“पुसून टाकला, मावशी.”

“काऊन?”

जिना उतरताना या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं. इथं, या बाईसमोर, त्यातलं एवढंच तोंडून निघालं.

“चॅनलवाल्यांनी लावला असता म्हणून.”

कुंदाबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. आचलला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या सरकून तिच्याजवळ आल्या.

“मंग तू बोल. तो बोलला तसाच बोल. शिकल्यावानी नोको.”

आचलही खेड्यातलीच, अर्जुनीकडची. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकताना घरची बोली तिनं मोठ्या कष्टानं जिभेवरून घालवली होती. आता ती लवकर येईना.

“माय,” ती म्हणाली आणि थांबली. “माय जेवते ना बरोबर?”

कुंदाबाईंनी डोळे मिटले. “अजून एक डाव.”

“माय जेवते ना बरोबर?”

“जेवतो बाबा,” कुंदाबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. “दोन्ही टाइम जेवतो. तू जेवला का?”

फोनवर हे झालंच नव्हतं. आचलनं त्या वाट पाहणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“जेवलो, माय,” ती म्हणाली.