पाळणा पार वर गेला की

शहात्तर साली रंगू गेल्याचं मिरजेच्या दवाखान्यात कळलं, तेव्हा समोरच्या मैदानात नाताळच्या जत्रेचा आकाशपाळणा उभा राहत होता. दरवर्षी आम्ही नवरा-बायको एसटीनं खास त्यात बसायला यायचो. लग्नातल्या उखाण्यानंतर गावात तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. पण पाळणा पार वर गेला की ओरडायची, "ए आकाराम!" आणि खाली येईपर्यंत हसत सुटायची.

तिचा दहावा झाला आणि नाताळ आला. मी घरातून निघालो, तर थोरली वहिनी दारात आडवी आली.

"आवं भावजी, तेराव्याच्या आधी जत्रंला निगालाय?"

"व्हय."

"लोक त्वांडात शेण घालतील."

"घालू द्यात. पाळणा तेराव्यापतुर थांबत न्हाई."

पाळणेवाल्यानं मला ओळखलं. "मामा, एकलंच? मामी कुठं हायत?"

"तू फिरव."

पाळणा पार वर गेला तसा मी उभा राहिलो आणि सगळा जीव लावून ओरडलो, "ए रंगू!" खालची माणसं थांबून वर बघायला लागली. बघू देत.

ओरडायचं झालं. हसायचं राहिलंय.