निम्म्यावरची रेघ

“ताई, हे उकळून जाणारं नाही,” पाणी तपासायला आलेला माणूस म्हणाला होता. “खालच्या खडकातच युरेनियम आहे. पाणी आटतं, ते मात्र होतं तेवढंच राहतं.”

तिच्या खांद्यावर तीन महिन्यांची मुलगी होती. आत गॅसवर पातेलं होतं.

“आमच्याकडे कच्चं पाणी कुणी पीतच नाही. तुम्ही शेजारी सांगा,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्याचा कागद फ्रिजवर गेला, लाइटबिलांच्या खाली.

मग सहा महिने ती रोज सकाळी बोअरचं पाणी निम्मं होईपर्यंत उकळत राहिली. अंदाज चुकू नये म्हणून पातेल्याच्या आत, बरोबर निम्म्यावर, तिनं चाकूच्या टोकानं रेघ ओढली होती. पाणी रेघेला टेकलं की गॅस बंद. ते थर्मासमध्ये भरायचं आणि ऑफिस गाठायचं. रात्री ती अंगावर पाजायची; दिवसाचं पावडरचं दूध, सुटीच्या दिवशीही, सासऱ्यांच्या हातचं असे.

“बाबा, थर्मासमधलंच पाणी ना?” ती चप्पल घालता घालता विचारायची.

“हो गं बाई, तुझं अमृतच.”

खालच्या मजल्यावर जुळ्यांची आई होती. वयानं लहान, घरात मोठं कुणी नाही, नवरा फिरतीवर. प्रत्येक गोष्ट ती वर येऊन विचारायची; पाणी निम्मं आटवायचंही हिच्याकडूनच शिकली. नवऱ्याची बदली झाली तेव्हा हिनं तिला नवं कोरं स्टीलचं पातेलं भेट दिलं. आत तशीच रेघ ओढून.

सातव्या महिन्यात बोअरला कुलूप लागलं. फाटकावरची नोटीस तिनं उभ्या उभ्या वाचली. तिची पदवी रसायनशास्त्राची होती. द्रावण आटवलं की तीव्र होतं, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही पडले होते. निम्मं पाणी, म्हणजे दुप्पट युरेनियम. रोज. तिच्या हातचं.

मुलीच्या तपासण्या झाल्या. चार दिवस ती जेवली, ऑफिसला गेली, लिफ्टमध्ये लोकांशी हसली. त्यातलं काहीच तिला आठवत नाही.

“मूत्रपिंडं ठणठणीत आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “लघवीतही काही नाही. हिनं ते पाणी प्यायलंय असं वाटतच नाही.”

घरी तिनं रिपोर्ट सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“प्यायलेलंच नाही तिनं,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी मी एक घोट चाखला. तोंड वाकडं झालं. तुझं पाणी झाडांना जायचं. हिच्यासाठी मी पोस्टातल्या नळावरून कॅन भरून आणायचो. तिथं तलावाचं येतं. तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस.”

तिनं त्यांच्या पाया पडायला हवं होतं. निदान रडायला तरी. ती उठली आणि रिकामा थर्मास घासायला लागली. एकदा घासून झाल्यावर परत घासला.

मुलगी वाचली ती सासऱ्यांच्या लबाडीनं. खालच्या मजल्यावरच्या त्या घरात लबाडी करणारं कुणी नव्हतं.

तिनं फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. नवा पत्ता तिनं कधी विचारलाच नव्हता. सामानाच्या टेम्पोत बसताना जुळ्यांची आई एवढंच म्हणाली होती, “तिथंही बोअरच आहे, ताई. पण काळजी नाही, तुमचं पातेलं आहे ना.”

म्हणून ती आता भेटेल त्याला विचारते. तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या आसपास कुणी जुळ्यांची आई राहायला आली असेल, तर एकदा जाऊन या. ओट्यावर स्टीलचं पातेलं असेल, आत निम्म्यावर रेघ. तिला म्हणावं, ताईंनी गॅस बंद करायला सांगितलाय.