पारख

परदेश गाजवून आलेल्या दीपमालाचं नागपुरातलं व्हायोलिनवादन संपलं. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. टीव्हीवालीनं खाप्याहून आलेल्या तिच्या वडलांना, मारोतरावांना, गाठलं.

"काका, घरात आधीपासून संगीत होतं?"

"नाही जी, संत्र्याची बाग होती. वांदरं फटाक्यालेही भेत नव्हते. पण पोरगी मामाचं जुनं व्हायोलिन घासाले लागली का सारे पळत. मंग रोज सकाळी तिले बागेतच उभी करो."

"मग तिच्यातली कलाकार कधी ओळखलीत?"

"एक दिवस वांदरं पळालेच नाही. बागेच्या कडेले धुऱ्यावर बसून आयकून राहिले होते."

"मग?"

"मंग काय! पोरीले नागपूरले क्लासले धाडलं, अन् बागेसाठी कुत्रं आणलं."