परतीचा डबा

बसा हो जरा, एका डब्याची गोष्ट सांगतो. वारज्यातल्या फ्लॅटात गेनबा एकटेच राहतात. समोर आयटीतली पोरगी राहायला आली, तसे ते गेलेल्या बायकोचं नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यात लाडू घेऊन गेले. "आजोबा, प्लास्टिकच्या डब्यात द्यायचे ना! परत करायचं टेन्शन नाही." "घे की पोरी, थोडं टेन्शन!" ती हसली, म्हणाली, "रविवारी सकाळी आणून देते." रविवारी गेनबांनी दाढी केली, दोघांचा चहा टाकला आणि बेलकडे कान लावून बसले. चहा निवला, तेव्हा त्यांनी दार उघडून पाहिलं, तर डबा कडीला पिशवीत लटकलेला. रिकामा डबा परत देऊ नये, एवढं पोरीला ठाऊक होतं. आत साखर होती. वर चिठ्ठी, 'आजोबा, त्रास नको म्हणून बेल वाजवली नाही.' तुम्ही तरी तेवढी बेल वाजवा हो.